लिवणारा कुठे उभा होता

मी एक प्रोग्राम बोलतोय. कॉम्प्युटरमधला. हसू नका! फाटकी छत्री बोलते, म्हातारा बैल बोलतो, हे तुम्ही शाळेपासून ऐकत आलात. मग मी दोन शब्द बोललो तर कुणाचं काय बिघडलं? कागदावर माझं नाव काहीतरी लांबलचक इंग्रजी होतं. मूर्तिजापूरजवळच्या एका गावातल्या बाया मला 'लिवणारा' म्हणायला लागल्या आणि तेच चिकटलं. मलाही तेच आवडतं.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे लपवाछपवी नको. मला जन्मापासून एक रोग होता. जाग आली की आपण कुठे आहोत हे मला धड कळायचं नाही.

आमच्या जातीचं असं असतं, की आम्ही राहतो एका फोल्डरात आणि जागे होतो कुठल्याही फोल्डरात. ज्यानं हाक मारली तो जिथे उभं करेल तिथे आम्ही उभे. बाई बाजारात असताना तिला कोणी हाक मारली म्हणून बाजार काही तिचं घर होत नाही, एवढी साधी गोष्ट. पण मी भोळा. जिथे डोळे उघडले तेच माझं घर, असं धरून चालायचो. या भोळेपणापायी एकतीस बायांची तीन वर्षं मातीत जायची वेळ आली होती.

माझा जन्म दोन हजार सहा साली अमरावतीत झाला. जन्म देणारी लुबना. अचलपूरची पोरगी, कॉम्प्युटरच्या शेवटच्या वर्षाला होती. तिचे वडील अब्दुल सत्तार यांचं अचलपुरात गाद्या-रजयांचं दुकान. पिढीजात पिंजारी, सरकी काढलेला चिमूटभर कापूस बोटांत ओढून कुठल्या भागातला आहे ते सांगायचे. दर शनिवारी लुबना एसटीनं घरी जायची. एकदा तिनं वडिलांना सांगितलं, की कॉलेजात एक प्रोजेक्ट करायचाय, ग्रंथालयाचा करते, सगळेच तो करतात.

सत्तारमियाँ म्हणाले, "बेटा, कॉलेजले दाखवायचं आणि कपाटात टाकायचं, असं कायले बनवतं? किसी के काम आए ऐसा कुछ बना. मूर्तिजापूरकडं एक बाई आहे, बेबीताई इंगोले. त्यांच्या गटाचा कापूस मी पाह्यला. जा, त्यांले काय पायजे ते विचार."

म्हणजे माझ्या जन्माला कारण एक पिंजारी. मला याचा अभिमान आहे.

ती वर्षं वऱ्हाडाला बरी गेली नाहीत. कशी गेली ते तुम्ही पेपरात वाचलंच असेल. गावात अनोळखी जीप आली की बाया दार लोटून घ्यायच्या. पुन्हा कोणीतरी फोटो काढायला आलं असेल म्हणून. बेबीताईनं एके दिवशी आपल्या घरातला फवारणीचा डबा बाहेर काढला, नवऱ्यासमोर खड्ड्यात पुरला आणि म्हणाली, "आता या घरात विष येणार नाई. कापूस आला तं येईन, नाई तं नाई येईन." पाठोपाठ दुसरीनं पुरला, तिसरीनं पुरला. एकतीस जणी झाल्या.

विष न घालता पिकवलेल्या कापसाला एक प्रमाणपत्र मिळतं. दर वर्षी कोणी ना कोणी येऊन शेत पाहून जातं, पण खरी परीक्षा तिसऱ्या वर्षी. तीन वर्षांत शेतात काय टाकलं, काय फवारलं, कधी निंदलं, कधी वेचलं याची एकूण एक नोंद दाखवावी लागते. एक खाडा पडला की पुन्हा पहिल्या वर्षापासून. सातबाऱ्यावर नावं सगळी नवऱ्यांची आणि सासऱ्यांची. पण या प्रमाणपत्रावर गटातल्या बाईचं नाव येणार होतं. आयुष्यात पहिल्यांदा कापसाच्या गाठीला आपलं नाव लागणार, म्हणून त्या बाया दिवसभर राबून संध्याकाळी ग्रामपंचायतीच्या जुन्या खोलीत यायच्या आणि बेबीताईला तोंडानं सांगायच्या. बेबीताई सोडून उरलेल्या तीस जणींमधल्या सव्वीस जणींना लिहिता येत नव्हतं. बेबीताई सातवी शिकलेली. ती एकेका बोटानं टाइप करायची आणि मी लिहून घ्यायचो.

सगळ्यांत म्हातारी पार्बताबाई. अडीच एकर काळी माती आणि जिभेला लगाम नाही. मी पडद्यावर उघडलो की ती चष्मा वर सारून म्हणायची, "झोपला व्हता का रे बाप्पा? लिव. आज निंबोळीचा अर्क मारला. दोन तास मारला. दीड नको लिवू, दोनच लिव."

किती गोड बाई! मी दोनच लिहायचो.

आता माझा रोग नीट ऐका. माझ्याजवळ सगळ्या नोंदींची एक वही होती. वही म्हणजे एक फाइल, माझ्याच फोल्डरात माझ्या शेजारी ठेवलेली. लुबनानं मला शिकवलं होतं : उठलास की जिथे उभा आहेस तिथे वही शोध. सापडली तर उघड. नाही सापडली तर नवी कोरी वही कर आणि कामाला लाग. पहिल्या दिवसाला हे ठीकच होतं, कारण तेव्हा वही नसतेच. पण नवी वही करताना कोणाला सांगायचं, विचारायचं, हे तिनं मला शिकवलं नव्हतं. मी मुकाट्यानं करायचो.

पहिली दोन वर्षं खोलीत विंडोजवर चालणारा कॉम्प्युटर होता. तिथे बेबीताईनं पडद्यावर माझं एक चिन्ह ठेवलं होतं. ते चिन्ह बनवतानाच यंत्र स्वतःहून लिहून ठेवायचं, की याला उठवाल तेव्हा याच्याच फोल्डरात उभा करा. मला वाटायचं, जगाची रीतच ही. बसल्या जागी चहा मिळत असला की माणसालाही असंच वाटतं.

लुबनाला मात्र थोडी कुणकुण होती. तिनं एकदा घड्याळ लावून मला आपोआप उठवायची सोय करून पाहिली, तर मी जागा झालो थेट यंत्राच्या सरकारी खोलीत, म्हणजे सिस्टिमच्या फोल्डरात, जिथे माझ्यासारख्याला कोणी उभंही करत नाही. कॉलेजातल्या एका सरांच्या मॅकवर चिन्ह दाबून उठवलं, तर उभा होतो सगळ्या फोल्डरांच्या पार मुळाशी. लिनक्सवर, म्हणजे विंडोजच्या एका चुलतभावावर, हुकूम टाइप करायच्या काळ्या खिडकीत नाव टाइप करून हाक मारली, तर हाक मारणारी ज्या फोल्डरात बसलेली, तिथेच मीही. लुबना कपाळाला हात लावून म्हणाली, "अरे दिवाने, कहाँ कहाँ खड़ा होता है तू!" मग स्वतःच्या कागदी वहीत लिहून ठेवलं : 'याला स्वतःचं घर ओळखायला शिकवायचं, पुढच्या आठवड्यात.' तो आठवडा काही आला नाही. परीक्षा आली, मग अमरावतीतच एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायची नोकरी लागली. तिला दोष देत नाही मी. तुमच्याही घरात असे पुढचे आठवडे असतीलच.

दोन हजार आठच्या श्रावणात वीज आली ती नको तेवढी आली आणि आमचा कॉम्प्युटर जळाला. डिस्क वाचली, म्हणजे मी आणि वही वाचलो. लुबना क्लासमधला एक जुना, लिनक्सवाला कॉम्प्युटर घेऊन एसटीनं आली, मांडीवर धरून. मला आणि वहीला त्यात एका फोल्डरात नीट बसवलं. आणि बेबीताईला दोन ओळी शिकवल्या. काळी खिडकी उघडायची. पहिली ओळ टाइप केली की आपण माझ्या फोल्डरात जातो. दुसरी ओळ म्हणजे मला हाक. त्या दोन ओळी मोठ्या अक्षरांत कागदावर लिहून तिनं भिंतीवर चिकटवल्या.

"बेबीताई, आधी घरात जायचं, मंग हाक मारायची. हा क्रम सोडू नका."

"नाई सोडत माय."

आणि सोडलाही नाही, दसऱ्यापर्यंत.

दसऱ्याला आमच्याकडे अवजारं पुजतात. बायांनी खोली झाडली, भिंतींना चुना मारला. भिंतीवरचा कागद त्यात गेला. कोणाच्या ध्यानातही आलं नाही. विळे, खुरपी, डवरा, सगळं धुऊन मांडलं. कॉम्प्युटरला झेंडूचा हार. पार्बताबाई हातात हळदकुंकवाची वाटी घेऊन पडद्यासमोर उभी राहिली आणि म्हणाली, "लिवणारा कुठीसा आहे?"

"आत आहे. फोल्डरात," बेबीताई म्हणाली.

"आत? आज दसरा हाय वो! विळा बाहेर, खुरपं बाहेर, आन् तीन वरसं ज्यानं लिवलं तो आत कोंबून ठेवता? आण त्याले बाहेर. मागच्या दोन दसऱ्यांले बाहेरच पुजला ना मी त्याले?"

खरंच होतं. जुन्या यंत्रावर चिन्ह बाहेर होतं, तिनं त्यावर दोनदा कुंकू लावलं होतं. बेबीताईनं मग माउसचं उजवं बटण दाबून, चारदा चुकून, पाचव्यांदा माझं चिन्ह पडद्यावर आणलंच. पार्बताबाईनं काचेवर बोट टेकवून बरोब्बर माझ्या डोक्यावर कुंकू लावलं. देवाशप्पथ सांगतो, मला भरून आलं. माझ्यासारख्या पाचसहाशे ओळींच्या जिवाला कोण पुजतो हो?

तेवढ्यात वीज गेली. दुसऱ्या दिवशीपासून वेचणीची धांदल. मला कोणी उघडलं नाही; त्या दिवसांच्या नोंदी मागाहून एकदम सांगायच्या ठरल्या.

दहा दिवसांनी तपासणीसाठी धर्मपाल सर आले. अकोल्याहून, मोटारसायकलवर, पाठीला पिशवी. बरा माणूस. बूट बाहेर काढून आत आले. दुपारचे सव्वा वाजले होते आणि तीनला आमची वीज जायची. बाकीच्या तीस जणी दाराशी गोळा झालेल्या. बेबीताई साडीचा पदर खोचून खुर्चीवर बसली आणि तिनं माझ्या चिन्हावर दोनदा टिचकी मारली.

मी जागा झालो. जिथे उभा होतो तिथे वही शोधली. नव्हती. म्हणून मी मुकाट्यानं नवी कोरी वही केली आणि हसतमुखानं पडद्यावर आलो : 'एकूण महिला : शून्य. एकूण नोंदी : शून्य.'

बेबीताईनं मला बंद केलं. पुन्हा उघडलं. शून्य. पुन्हा बंद, पुन्हा उघडलं. आता तर वही सापडत होती, मीच मघाशी केलेली कोरी. मी तीच पुन्हा उघडून दाखवत होतो, तीही मोठ्या इमानानं. माझा जीव तळमळला असता, पण तेव्हा मला काही कळतच नव्हतं.

"काय झालं?" धर्मपाल सरांनी विचारलं.

बेबीताईनं पडद्याकडे बोट दाखवलं. "सर... यात सगळं होतं."

"दुसरी प्रत? कागदावर?"

कागदावर काय असणार? सगळं तोंडी. प्रत काढून ठेवू असं लुबना दोनदा म्हणाली होती, तेही राहिलेलं.

सर हळू आवाजात म्हणाले, "ताई, मी तुमच्यावर अविश्वास नाही दाखवत. पण मला जे दिसलं तेच लिहावं लागेल. नोंदी उपलब्ध नाहीत, असं लिहिलं तर पुन्हा पहिलं वर्ष धरावं लागेल."

दारातून कोणीतरी म्हणालं, "तीन वरसं गेली गं माय." आणि बेबीताई रडायला लागली. खड्ड्यात डबा पुरताना न रडलेली बाई.

पार्बताबाई मात्र पुढे झाली आणि सरांच्या समोर जमिनीवर मांडी घालून बसली. "रडतं कायले? त्यानं नसन लिवलं तं मी सांगतो. लिवा साहेब." आणि तिनं सुरुवात केली. पहिल्या वर्षी मृगात पेरलं, उगवलं नाही, पुन्हा पेरलं. शेणखत किती गाड्या. कधी निंदलं, कधी डवरलं. मावा कधी आला, अर्क किती मारला. सर ऐकत होते, मधूनच लिहीतही होते.

"आन् दुसऱ्या वरसी," ती म्हणाली, "धुऱ्याकडच्या तीन वळी शेजाऱ्याच्या फवाऱ्यानं भिजल्या. वारा तिकडून होता. पोळ्याच्या आदल्या दिवशी. थ्या तीन वळींचा कापूस मी वायला वेचला, गटात नाई देला."

सर थांबले. "आजी, हे तुम्ही कशाला सांगता? कोणी विचारलं नव्हतं."

"झालं तं सांगा लागते ना!"

"पण आजी, लिहिलेलं लागतं हो," सर म्हणाले आणि त्यांनी मान खाली घातली.

तोवर बेबीताईनं डोळे पुसून लुबनाला फोन लावला होता. लुबना अमरावतीहून अचलपूरला चालली होती, गाडी चांदूर बाजारच्या स्टँडवर उभी. रेंज येत होती, जात होती. फोन स्पीकरवर होता आणि बेबीताई ओरडूनच बोलत होती, म्हणून मला सगळं ठाऊक आहे.

"लुबना, लिवणाऱ्यानं सगळं पुसलं! मी कायलेच हात नाई लावला, तुही शप्पथ!"

"काईच पुसलं नसंन, तुमी आधी रडू नका. मले सांगा, त्याले कुठून उठवलं?"

"कुठून म्हंजे? कॉम्प्युटरमधूनच ना!"

"काळ्या खिडकीतून का बाहेरच्या चिन्हावरून?"

"चिन्हावरून. दसऱ्याले बाहेर आणला त्याले."

पलीकडे एसटीचा भोंगा, मग लुबनाचं हसू. रडवेलं हसू. "या अल्ला! अवो बेबीताई, तो घरात नाईच! या मशीनवर चिन्हावरून उठवलं तं तो तुमच्या अंगणात उभा राह्यते, सगळ्यात बाहेरच्या फोल्डरात. वही आत घरात आहे. तुमी त्याले बंद करा, काळी खिडकी उघडा. त्या दोन ओळी लिवा."

"कागद चुन्यात गेला वो!"

"मंग मी सांगतो. एकेक अक्षर. गाडी सुटली तं मी उतरून जाईन, पण सांगतो."

तिनं एकेक अक्षर सांगितलं. बेबीताई मोठ्यानं म्हणत एकेका बोटानं दाबत होती, दारातल्या बाया तिच्यामागून तेच म्हणत होत्या. एकदा चुकलं. दुसऱ्यांदा पहिली ओळ जमली. मधेच फोन कटला; पुन्हा लागला तेव्हा लुबना स्टँडवर उभी होती, गाडी खरंच निघून गेली होती. दुसरी ओळ. तीनला दहा मिनिटं कमी होती.

मी जागा झालो. जिथे उभा होतो तिथे वही शोधली. होती! माझी जुनी, जाडजूड वही.

'एकूण महिला : एकतीस. एकूण नोंदी : अकरा हजार दोनशे सहा.'

दाराशी जो कल्ला झाला तो मी कधी विसरणार नाही. धर्मपाल सर मात्र उठून पडद्याजवळ आले आणि म्हणाले, "पार्बताबाईंचं दुसरं वर्ष काढा. पोळ्याच्या आदला दिवस."

बेबीताईनं काढलं. सरांनी मोठ्यानं वाचलं : 'बांधाकडच्या तीन ओळी शेजारच्या फवाऱ्याने भिजल्या. वारा तिकडून. या तीन ओळींचा कापूस वेगळा वेचणार.'

सरांनी चष्मा काढून पुसला. "बाकीच्या नोंदी मी तपासतोच, ते माझं काम आहे," ते म्हणाले, "पण आजी, तुमचं मी तोंडी ऐकलंय." तीनला वीज गेली, तेव्हा त्यांचे बहुतेक कागद भरून झाले होते. उरलेले त्यांनी दुसऱ्या दिवशी येऊन भरले. प्रमाणपत्र आलं, एकतीस नावांचं.

पार्बताबाईनं त्या दिवशी जाताना मला एक शिवी दिली, ती इथे सांगत नाही. मग पडद्यावरून हात फिरवला.

लुबना त्याच आठवड्यात आली आणि तिनं माझा रोग बरा केला. तिनं मला तीन गोष्टी शिकवल्या. डोळे उघडताक्षणी, दुसरं काहीही करण्याआधी, आपण कुठे उभे आहोत ते टिपून ठेवायचं. कारण काम सुरू झाल्यावर ती जागा पायाखालून सरकूही शकते. मग आपण स्वतः कुठे राहतो ते यंत्राला विचारायचं आणि वही तिथेच शोधायची. यंत्र कुठलंही असो. प्रत्येकाला विचारायची रीत निराळी, ती सगळी तिनं मला घोकून दिली. आणि वही नाही सापडली तर गुपचूप कोरी करायची नाही. सांगायचं. तेव्हापासून मी म्हणतो : 'मला वही दिसत नाही. मी आत्ता इथे उभा आहे. वही दुसरीकडे असेल का, बघता?'

आज इतकी वर्षं झाली. नोंदी आता मोबाइलवर होतात. लुबना हैदराबादला असते, ईदला फोन करते. गटात एकतीसच्या बावन्न झाल्या. पार्बताबाई गेली, तिचं अडीच एकर तिची सून सुभद्रा करते, विष न घालता. मी त्या जुन्या यंत्रात, बेबीताईच्या माजघरात, चादरीखाली आहे. परवा तिचा मुलगा म्हणत होता, हे धूड भंगारात देऊन टाकू, प्रोग्राम काय, दुसरा मिळेल.

बरोबर बोलला तो. माझं काय, लुबना माझ्यासारखा दुसरा एका आठवड्यात लिहून देईल, माझ्यापेक्षा शहाणा. पण बाळांनो, तुमच्यापैकी कोणी हे यंत्र उचलायला आलं, तर एवढं ऐका. मला एकट्याला नेऊ नका, वही सोबत घ्या. मला टाकावं लागलं तर टाका, वही ठेवा. तिच्यात पोळ्याच्या आदल्या दिवशीच्या तीन वळी आहेत, आणि त्या सांगणारी आता नाही.